कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर: कोणता घ्यायचा, कुठे लावायचा आणि वाजला तर काय करायचं

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. तो डोळ्यांना झोंबत नाही, घशात खवखवत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र घरातल्या ज्योतीतच तयार होतो, त्यामुळे तिथे ही सोयही नाही. श्वासावाटे आत गेला की तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. श्वास नेहमीसारखा चालू राहतो, गुदमरल्यासारखं वाटत नाही, आणि मेंदूला व हृदयाला मिळणारा ऑक्सिजन मात्र कमी होत जातो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, मग विचारच नीट सुचेनासे होतात. म्हणजे धोका ओळखायचा तो मेंदूच आधी मंदावतो. झोपलेल्या माणसाला तर ही सुरुवातीची लक्षणंही कळत नाहीत.

म्हणूनच यंत्राची गरज आहे. पण डिटेक्टर विकत आणणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. तो कुठे लावला आणि तो वाजल्यावर घरातली माणसं काय करणार, या दोन गोष्टींवर जीव वाचणं अवलंबून असतं. त्यामुळे या लेखात जास्त जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे.

आधी घरात एक फेरी मारा

जिथे जिथे काही जळतं, तिथे तिथे थांबून पाहा. गॅस, लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, डिझेल अशा कुठल्याही इंधनाला जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गिझर, गॅस किंवा रॉकेलचा हीटर, लाकडाची चूल, धुराड्याची शेकोटी, कोळशाची शेगडी, जनरेटर, घराला लागून असलेलं गॅरेज अशी यादी करा. विजेचा गिझर, इंडक्शन, विजेचा हीटर यांतून हा वायू निघत नाही.

कोळशाबद्दल वेगळं सांगायला हवं. धूर निघून गेला, आता नुसते लाल निखारे उरलेत, तर शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही, असा समज फार पसरलेला आहे. तो जीवघेणा आहे. बिनधुराचे निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात आणि राखेखाली धुमसत असेपर्यंत सोडत राहतात. बंद खोलीत निखारे ठेवून झोपण्याला कुठलाही डिटेक्टर सुरक्षित करू शकत नाही. ती शेगडी बाहेरच राहायला हवी.

तुमच्या घरात काहीच जळत नसेल, पण इमारतीत इतरांकडे जळत असेल, तर तुम्हीही पूर्ण सुरक्षित नाही. सामायिक धुराडी, डक्ट आणि भिंतींतल्या फटींतून हा वायू शेजारच्या घरात पोचू शकतो.

योग्य यंत्र निवडा

बाजारात तीन यंत्रं दिसायला जवळपास सारखी असतात. स्मोक डिटेक्टर धुराचे कण पकडतो. गॅस गळतीचा डिटेक्टर न जळालेला इंधन-वायू ओळखतो. कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर जळण्यातून तयार झालेला हा एकच वायू ओळखतो. एकाचं काम दुसरा करत नाही. स्वयंपाकघरात गॅस गळतीचं यंत्र लावलं आहे म्हणून निश्चिंत असलेली घरं पुष्कळ आहेत, पण त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. दोन कामं एकत्र करणारी यंत्रंही मिळतात. तशी घेताना खोक्यावर कार्बन मोनॉक्साइडचा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते वाचून घ्या.

पुढची गोष्ट मानकाची. यंत्रावर किंवा खोक्यावर 'यूएल २०३४' किंवा 'ईएन ५०२९१' यांपैकी एक क्रमांक असावा. पहिलं मानक अमेरिकेतलं, दुसरं युरोपातलं. नुसतं 'उच्च दर्जा', 'अतिसंवेदनशील' असं छापलेलं आणि मानकाचा पत्ता नसलेलं स्वस्त यंत्र घेऊ नका. वेळेवर न वाजणारं यंत्र हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त झोपतात.

आत इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असलेलं यंत्र घ्यावं. यात एका छोट्या घटात वायूची इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते आणि वायूच्या प्रमाणात अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो. यंत्र तो प्रवाह मोजतं. हा घट वापरा वा न वापरा, काळाबरोबर क्षीण होतो, म्हणून खोक्यावरची उत्पादनाची तारीख पाहा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचं आयुष्य तेवढं कमी झालेलं असतं.

आकडा दाखवणारा डिस्प्ले असलेलं यंत्र परवडत असेल तर तेच घ्या, असं माझं ठाम मत आहे. कारण पुढे येतंच आहे. वीजजोडणीवर चालणारं यंत्र घेतलंत तर त्याला बॅटरीची जोड असायलाच हवी. वीज गेली की जनरेटर सुरू होतो, आणि नेमक्या त्या वेळी डिटेक्टर बंद पडलेला असणं परवडणारं नाही. घरात कुणाला ऐकू कमी येत असेल तर प्रखर दिवा लुकलुकणारं किंवा उशीखाली थरथरणारी पट्टी जोडता येणारं मॉडेल निवडा.

आकड्यांचा अर्थ समजून घ्या

डिस्प्लेवरचा आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग आहेत ते. अलार्म केवळ प्रमाण पाहून वाजत नाही. किती प्रमाण किती वेळ टिकलं, याचा तो हिशेब ठेवतो, कारण शरीरावरचा परिणामही तसाच साठत जातो.

यूएल मानकाचा अलार्म ७० पीपीएमला १ ते ४ तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजला पाहिजे. निरोगी प्रौढ माणूस भान हरपण्याआधी बाहेर पडू शकेल, अशा बेताने या वेळा ठरवल्या आहेत.

याची दुसरी बाजू लक्षात घ्या. अलार्म गप्प आहे म्हणजे हवेत कार्बन मोनॉक्साइड नाही, असं होत नाही. २० किंवा २५ पीपीएम कितीही दिवस राहिले तरी बरीच यंत्रं वाजणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ४ मिलिग्रॅमचं मूल्य दिलं आहे, म्हणजे साधारण ३.५ पीपीएम. गरोदर बाई, तान्हं बाळ, हृदयरोगी, दम्याचा रुग्ण घरात असेल तर कमी प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गर्भातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू आईपेक्षा अधिक घट्ट धरतो आणि सुटायला जास्त वेळ घेतो. डिस्प्ले हवा तो यासाठी. गिझर चालू केला की शून्यावरचा आकडा रोज १५-२० वर जातो, हे दिसलं तर अलार्म वाजायची वाट न पाहता दुरुस्ती करून घेता येते. काही यंत्रं ठरावीक प्रमाणाखालचे आकडे दाखवतच नाहीत. ती मर्यादा किती, ते माहितीपुस्तिकेत पाहा.

जागा ठरवा

हा वायू जड असतो, खाली साचतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ लावावं, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो चूक आहे. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीतल्या हवेत सहज मिसळतो. शिवाय जळणाऱ्या उपकरणातून तो गरम हवेबरोबर निघतो, म्हणून आधी वर चढतो. जमिनीजवळ लावायचं असतं ते एलपीजी गळतीचं यंत्र, कारण एलपीजी खरोखरच हवेपेक्षा जड आहे.

एकच यंत्र घेणं शक्य असेल, तर ते झोपण्याच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी लावा. जागा माणूस निदान डोकेदुखीने सावध होऊ शकतो, झोपलेल्याला फक्त आवाजच उठवतो. जास्त यंत्रं घेता येत असतील तर झोपण्याची प्रत्येक जागा, इंधन जाळणारं उपकरण असलेली प्रत्येक खोली आणि घराचा प्रत्येक मजला असा क्रम ठेवा.

उपकरण असलेल्या खोलीत यंत्र उपकरणापासून आडवं १ ते ३ मीटर अंतरावर असावं. छताला लावलं तर भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. भिंतीवर लावलं तर छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली, पण दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेपेक्षा उंच. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा खेळत नाही, तिथे वायू उशिरा पोचतो, म्हणून ही अंतरं. झोपायच्या खोलीत उपकरण नसेल तर यंत्र पलंगावर झोपलेल्याच्या नाकाच्या उंचीला लावलेलं चांगलं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळी अंतरं दिली असतील तर ती पाळा.

टाळायच्या जागा: खिडकीलगत, पंख्याच्या किंवा एग्झॉस्टच्या झोतात, पडद्यामागे, कपाटात, शेगडीच्या थेट वर, थेट उन्हात, आणि वाफेने भरणाऱ्या बाथरूममध्ये.

बाथरूमवरून एक मुद्दा निघतो. बाथरूमच्या आतच गॅस गिझर आहे, तर डिटेक्टर कुठे लावू, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर डिटेक्टरमध्ये नाही. लहान, बंद जागेत जळणारा गिझर तिथला ऑक्सिजन वापरत जातो. ऑक्सिजन घटला की ज्योत अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि प्रमाण काही मिनिटांत धोक्याच्या पलीकडे जातं. अलार्म वाजेपर्यंत आतला माणूस कोसळलेला असू शकतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवा आणि पाणी नळाने आत आणा. ते होईपर्यंत बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.

यंत्र बसवा

काम अर्ध्या तासाचं आहे. लागेल ते असं: ड्रिल, यंत्रासोबतच्या प्लगच्या मापाचं बिट, स्क्रू ड्रायव्हर, पेन्सिल, न पुसलं जाणारं मार्कर आणि भक्कम शिडी.

१. खोकं उघडल्यावर यंत्राच्या मागची उत्पादनाची आणि बदलण्याची तारीख वाचा. मार्करने बसवल्याची तारीख यंत्राच्या कडेला लिहा. मागे लिहिलीत तर पुन्हा कुणी पाहत नाही.

२. बॅटरीवरची प्लास्टिकची पट्टी ओढून काढा, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचीच बॅटरी घाला. यंत्र तयार व्हायला थोडा वेळ घेतं. तोपर्यंत दिवे लुकलुकतात, एखादा बीप येतो. तेव्हा ते स्वच्छ हवेत असू द्या.

३. टेस्ट बटण भिंतीवर चढवण्याआधीच दाबून पाहा. बिघडलेलं यंत्र आत्ताच परत करता येईल.

४. यंत्राची मागची पट्टी ठरवलेल्या जागी धरून पेन्सिलीने भोकांच्या खुणा करा. भिंतीत वायर किंवा पाण्याचा पाइप जात नाही याची खात्री करून घ्या.

५. भोकं पाडा, प्लग ठोका, पट्टी स्क्रूने घट्ट करा. या वेळी यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवा. ड्रिलची धूळ सेन्सरच्या जाळीत जाता कामा नये.

६. धूळ पुसून झाल्यावर यंत्र पट्टीवर अडकवा आणि पुन्हा टेस्ट बटण दाबा.

७. आता खरी परीक्षा. एकाने बटण दाबावं, बाकीच्यांनी आपापल्या खोलीत दार लावून, पंखा चालू ठेवून पलंगावर पडावं. यंत्राजवळ आवाज साधारण ८५ डेसिबल असतो, पण दोन बंद दारांपलीकडे तो गाढ झोपेतल्या माणसाला उठवेलच असं नाही. एखाद्या खोलीत नीट ऐकू येत नसेल तर तिथे दुसरं यंत्र लावा. शक्य असेल तर एकमेकांना जोडलेली यंत्रं घ्या, म्हणजे एक वाजलं की सगळी वाजतात.

वीजजोडणीवरचं यंत्र असेल तर भिंतीतल्या दिव्याच्या बटणाबरोबर बंद होणाऱ्या सॉकेटला ते लावू नका.

आवाज ओळखायला शिकवा

बहुतेक यंत्रांत चार झटपट बीप, थोडा थांबा, पुन्हा चार बीप म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. साधारण मिनिटाला एक छोटा बीप म्हणजे बॅटरी संपत आली, किंवा यंत्राचं आयुष्य संपलं. स्मोक डिटेक्टर तीन-तीन बीप देतो. तुमच्या यंत्राचा नेमका संकेत पुस्तिकेतून पाहून दाराजवळ कागदावर लिहून लावा. मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आवाज प्रत्यक्ष ऐकवा. सांगितलेलं विसरतं, ऐकलेलं लक्षात राहतं.

अलार्म वाजला तर

यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून बटण दाबून गप्प करणं ही सगळ्यात घातक प्रतिक्रिया. तिच्याखालोखाल, वायू कुठून येतोय ते शोधत घरात फिरणं. दोन्ही करू नका.

सगळ्यांना उठवा आणि घराबाहेर मोकळ्या हवेत न्या. कुणालाही त्रास होत नसेल, तर जाता जाता हाताशी असलेला गिझर किंवा हीटर बंद करा, वाटेतली खिडकी उघडा. कुणाला डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं होत असेल तर तेवढंही थांबू नका. बाहेर आल्यावर माणसं मोजा. पाळीव प्राण्यांना वाटेत घेता आलं तर घ्या, त्यांच्यासाठी परत आत जाऊ नका. ही बाहेर जमायची जागा आज, शांत डोक्याने ठरवून ठेवा. लहान मुलाला कोण उचलणार, आजीला कोण धरणार, हेही.

बाहेरूनच अग्निशमन दलाला आणि गरज असेल तर रुग्णवाहिकेला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर 'घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता' हे वाक्य पहिलं सांगा. हे इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण असं, की बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, आणि तो खुशाल ९८ टक्के दाखवतो. खरं प्रमाण रक्ताच्या कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासणीत कळतं. साध्या हवेत ते प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४ ते ६ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक ते दीड तास. म्हणून 'बाहेर बसल्यावर बरं वाटतंय' एवढ्यावर समाधान मानू नका. स्मृती, चालणं, वागणं यांतले त्रास काही जणांना दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होतात. तसं काही जाणवलं तर पुन्हा डॉक्टरकडे जा.

खिडक्या उघडल्या की आकडा खाली येतो आणि अलार्म थांबतो. कारण मात्र तिथेच असतं. अग्निशमन दलाने किंवा जाणकार तंत्रज्ञाने तपासून सांगेपर्यंत आत जाऊ नका आणि त्यानंतरही संशयित उपकरण दुरुस्त झाल्याशिवाय पेटवू नका. त्या वेळी कोणकोणती उपकरणं चालू होती, खिडक्या बंद होत्या का, एग्झॉस्ट फॅन चालू होता का, हे लिहून ठेवा. तंत्रज्ञाला याची फार मदत होते. एग्झॉस्ट फॅन विचारायचं कारण, बंद घरात तो धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. काही यंत्रं सर्वाधिक नोंदलेला आकडा साठवून ठेवतात, तोही दाखवा.

अलार्म न वाजताही घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, ताप नाही, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं वारंवार होत असेल तर फ्लू समजून गोळ्या घेत राहू नका.

कारण सापडलं नाही तर

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला हायड्रोजनही कार्बन मोनॉक्साइडसारखा भासू शकतो. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, विशेषतः जास्त चार्ज झाल्या की. ताजा रंग, थिनर, स्पिरिट, एअर फ्रेशनर यांच्या वाफांनीही काही सेन्सर चाळवतात. पण हा निष्कर्ष घराबाहेर उभं राहून, तपासणी झाल्यावर काढायचा. हायड्रोजन साचणंही काही निरुपद्रवी नाही, तिथे हवा खेळती ठेवायलाच हवी.

देखभाल

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. त्यातून बॅटरी, भोंगा आणि सर्किट ठीक आहे एवढं कळतं, सेन्सरला वायू ओळखता येतोच असं सिद्ध होत नाही. म्हणून मुदत संपलेलं यंत्र बटणाला छान प्रतिसाद देतं म्हणून ठेवून देऊ नका. उदबत्ती किंवा गाडीचा धूर धरून तपासण्याचे प्रयोगही नकोत.

बाहेरची धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा. पाणी, साबण, फवारे वापरू नका आणि भिंत रंगवताना यंत्र उतरवून ठेवा, रंग वाळून वास गेल्यावर परत लावा. गिझर, हीटर, धुराडं यांची वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. गॅसची ज्योत निळी, स्थिर हवी. ती पिवळी, लांब, फडफडती झाली किंवा उपकरणाभोवती काजळी दिसू लागली तर ते वापरणं थांबवा. निळी ज्योत दिसते म्हणून सगळं ठीकच असेल असंही नाही. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर, एग्झॉस्ट दारं-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला ठेवून चालवा. बाल्कनीत किंवा शटर उघडलेल्या गॅरेजमध्ये तो कधीही चालवू नका.

बहुतेक सेन्सरचं आयुष्य ५ ते ७ वर्षं, काहींचं १० वर्षं असतं. यंत्रावरची तारीख आली की नवं लावा. जुन्याची बॅटरी काढून त्यावर ठळक 'मुदत संपली' असं लिहा आणि ते ई-कचऱ्यात द्या. नुसतं माळ्यावर टाकलेलं यंत्र पुढे कुणीतरी चांगलं समजून दुसऱ्या खोलीत लावण्याची शक्यता असते.